टक्केवारी छापली, मूळ वजन कुठे आहे?

प्रश्न : कृषी केंद्रात एका फवारणीच्या औषधाचं पत्रक मिळालं. ‘25 शेतकऱ्यांच्या वावरात सोयाबीनचं उत्पादन 40 टक्क्यांनी वाढलं’ असं त्यावर छापलं आहे. विश्वास ठेवावा का?
— एक शेतकरी, मंगरूळपीर तालुका

उत्तर : आधी विचारा, एकरी कितीवरून किती झालं? 5 क्विंटलवरून 7 म्हणत असतील, तर ते 5 कुठले? बऱ्याचदा तो त्याच शेतकऱ्याचा मागच्या वर्षीचा उतारा असतो. 2023 च्या खरिपात विदर्भात ठिकठिकाणी पिवळ्या मोझॅक रोगानं सोयाबीन गेलं. तशा वर्षाशी ताडून पाहिलं तर काहीही न फवारतासुद्धा पुढचं साल सरसच दिसेल.

मग, औषध एकूण किती जणांना दिलं होतं? 60 जणांना देऊन चांगलं पिकलं तेवढे 25 छापले असतील, तर एकही आकडा खोटा नसताना दावा फसवा ठरतो.

मोजमापाकडे तर बारकाईनं पाहा. एका चौरस मीटरची झाडं कापून दाणे तोलले आणि एकराचा हिशेब मांडला, तर ते वजन 4,047 पट होतं. तोलताना 50 ग्रॅम इकडेतिकडे झाले की एकरी 2 क्विंटलचा फरक पडतो. पत्रकातली सगळी वाढ त्यातच आली. ओलाव्याचंही तसंच. 18 टक्के ओलाव्याचे 100 किलो दाणे 12 टक्क्यांपर्यंत वाळले की साधारण 93 किलोच भरतात.

याहून भरवशाचा पुरावा तुमच्याच वावरात मिळेल. 18 इंचांवर पेरणी असेल तर दहा-दहा तासांच्या, म्हणजे पेरलेल्या ओळींच्या, दोन पट्ट्या शेजारीशेजारी आखा. अशा चार जोड्या वावरात वेगवेगळ्या ठिकाणी घ्या. धुऱ्यालगतची, झाडाच्या सावलीतली आणि पाणी साचणारी जागा टाळा. जोडीतल्या कोणत्या पट्टीवर औषध मारायचं ते नाणं उडवून ठरवा. स्वतः निवडायला गेलं की हात आपोआप चांगल्या पिकाकडे वळतो. दुसऱ्या पट्टीवर त्याच दिवशी नुसतं पाणी फवारा, बाकी खत-डवरणी सारखीच ठेवा.

कापणीला दोन्ही कडांचे दोन-दोन तास सोडा, कारण शेजारचं औषध तिथे उडालेलं असतं. मधले सहा तास 48 फूट 5 इंच लांबीत कापा. हे क्षेत्र एकराचा बरोबर शंभरावा भाग होतं, म्हणून जितके किलो भरतील तितके क्विंटल एकरी. प्रत्येक पट्टीची मळणी वेगळी करा, दाणे सारखे वाळवा आणि एकाच काट्यावर तोला.

समजा चार जोड्यांतला फरक +0.6, −0.3, +0.9, −0.2 किलो आला. सरासरी 0.25, म्हणजे एकरी 25 किलो. पण दोन ठिकाणी औषधाची पट्टीच मागे आहे. याला वाढ म्हणता येत नाही. चारही जोड्या औषधाच्या बाजूनं गेल्या तरी निव्वळ योगायोगानं तसं 16 पैकी एकदा घडतं, म्हणून पुढच्या हंगामात पुन्हा करून पाहा आणि मगच सगळ्या वावरासाठी पैसे घाला.

प्रश्न : मागच्या वर्षी आमच्या गावात हजार मुलांमागे 2,000 मुली जन्मल्या. जिल्ह्यात पहिला क्रमांक म्हणून फलक लावायचा विचार आहे. आकडा जन्म नोंदवहीतलाच आहे.
— एक ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

उत्तर : वहीत जन्म किती, ते मोजा. 12 जन्मांत 8 मुली आणि 4 मुलगे असले की 2,000 येतात. पुढच्या वर्षी 5 आणि 7 झाले की तेच गाव 714 वर येईल, गावात काहीही बदललेलं नसताना. लहान गावं अशा यादीत वरच्या टोकाला दिसतात तशी खालच्याही टोकाला.

शिवाय जन्म जिथे होतो तिथेच नोंदला जातो. दवाखान्यातली बाळं तालुक्याच्या गावी नोंदली जातात, आणि माहेरी आलेल्या लेकींची बाळं तुमच्या वहीत येऊ शकतात. म्हणून आशाताईंच्या यादीतून गावात राहणाऱ्या कुटुंबांतले निदान पाच वर्षांचे जन्म बेरजेला घ्या, आणि फलकावर मुली किती, मुलगे किती, ते सरळ लिहा.