आप्पांची गादी

प्रश्न : अमळनेरला आमचं किराणा दुकान आहे, आप्पा जाऊन ४ महिने झाले पण त्यांच्या गादीवर बसायची हिंमतच होत नाही, गल्ल्यात चष्मा तसाच आहे, उधारीच्या वहीत त्यांचंच अक्षर. काय करू?

उत्तर : भाऊ, चष्मा राहू दे तिथंच. पण गादीवर बस, ज्यांनी रोज पहाटे शटर उघडून तुम्हा लेकरांना वाढवलं त्यांना सुनं दुकान बघवलं असतं का? जीएसटी नंबर आप्पांच्या नावावर असेल तर वारस म्हणून तुला नवा काढावा लागेल, शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्म भरून ट्रान्सफर होतं, ते सीएकडून आधी करून घे. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आप्पांच्या नावानं घागर भरशील तेव्हा आमरस, खापरावरच्या पुरणपोळीच्या नैवेद्याशेजारी ती वहीपण ठेव, मला तर फार वाटतं तसं.