सहा वर्षं पडून असलेलं जुनं आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) पुन्हा चालू होईल का?

वडिलांचं आठ एचपीचं यामाहा, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, सहा वर्षं गोणपाटात गुंडाळून पडवीत उभं आहे. दुरुस्त करावं की भंगारात द्यावं, असं तुम्ही विचारलंय. भंगारात इतक्यात देऊ नका. पडून राहिलेलं मशीन बहुतेक वेळा झिजून मेलेलं नसतं. आत मीठ साचलेलं असतं, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकलेलं असतं आणि रबराचे भाग कडक झालेले असतात. हे तिन्ही घरी निस्तरता येतं.

मी काही मेकॅनिक नाही. मालवणजवळ देवबागला कर्लीच्या खाडीत होडी चालवतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मशीन खोलून बसतो. आजवर तीन जुनी मशीनं उठवली. त्यातलं पहिलं उठवलं आणि लगेच मारलं, त्याची गोष्ट पुढे येईलच.

आधी मशीन सुरू करायच्या दोरीला हात लावू नका. कळतंय, हात शिवशिवतात. पण आत पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्या असतील तर जोर लावून रिंग तरी तुटते नाहीतर सिलिंडरवर ओरखडा पडतो. दोन्ही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकातून चार-पाच चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, हाताने हळूच घड्याळाच्या दिशेने फिरवून बघा. नाही हललं तर आणखी ऑइल, आणखी एक रात्र. माझं एक मशीन पाचव्या दिवशी सुटलं.

सुटलं की कुणाकडून तरी कम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, मागून आणा आणि प्लगच्या भोकात लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा, चार-पाच वेळा दोरी ओढा. ९० पीएसआयच्या वर आकडा आला तर पुढे जायला हरकत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. एकात १०० आणि दुसऱ्यात ६० असेल तर तिथेच थांबा. मग हेड उघडून हिशेब करावा लागेल, आणि तेव्हा भंगाराचा विचार केलात तरी मी अडवणार नाही.

करंट बघायला प्लग वायरला लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि दोरी ओढा. जवळ पेट्रोल ठेवू नका. ठिणगी दिसली नाही तर कॉइल, सीडीआय या ठिणगी तयार करणाऱ्या भागांच्या मागे लागण्याआधी किल स्विचची (मशीन झटकन बंद करायच्या बटणाची) लाल क्लिप जागेवर आहे का बघा. हसू नका. आमच्या वाडीत या क्लिपेपायी एकाने नवीन कॉइल आणली होती.

कार्ब्युरेटर मात्र खोलावाच लागेल. खालची वाटी उघडलीत की तळाला तपकिरी, डिंकासारखा थर दिसेल. जेट (पेट्रोल जाणारं बारीक भोकाचं पितळी नळकांडं) काढून क्लीनरमध्ये भिजत घाला आणि हवेने फुंका. भोकात तार घालू नका. भोक केसभर जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. फ्युएल पंपाचा पडदा, टाकीपासूनची नळी आणि मधला रबरी फुगा सरळ नवीन घ्या. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या दमट किनाऱ्यावर ते दोन-तीन महिने टाकीत ठेवलं तर पाणी तळाला वेगळं झालेलं सापडतं.

आता ती गोष्ट. काकांच्या मशीनचे प्लग, कार्ब्युरेटर, नळ्या सगळं मी केलं आणि तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. आनंदात तसंच होडीला लावलं. इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी मागच्या बारीक भोकातून येत होतं, पण दोऱ्याएवढं. म्हटलं, येतंय ना. संगमाच्या अलीकडे मशीनचा आवाज जड झाला, गरम रंगाचा वास आला आणि ते बंद पडलं. दोरी जागची हलेना. भरती होती म्हणून आत वाहत आलो. ओहोटी असती तर मुखाकडे गेलो असतो. खोललं तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) अकरा वर्षांचा, दोन पाती तुटून वर नळीत अडकलेली, एका पिस्टनला चरे पडलेले. काका एवढंच म्हणाले, "मशीनाक पाणी गावत नाय, ह्या तुका दिसला नाय?"

म्हणून इम्पेलर चांगला दिसला तरी बदला. त्यासाठी खालचं गिअरकेस उतरवावं लागतं: गिअरच्या दांड्याचा जोड सोडवायचा, मग मॉडेलप्रमाणे चार-पाच बोल्ट. खरी परीक्षा या बोल्टांची आहे. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची बॉडी आणि खारं पाणी एकत्र आलं की बोल्टाभोवती पांढरी भुकटी साचते आणि तो दगडासारखा बसतो. पान्याला पाइप लावून जोर केलात तर डोकं हातात येईल. दोन-तीन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहा, हातोडीने हलके ठोके द्या, पेट्रोल-ऑइल दूर ठेवून हीट गनने आजूबाजूची बॉडी तापवा, मग थोडं सैल-थोडं घट्ट असं करत सोडवा. परत बसवताना प्रत्येक बोल्टाला मरीन ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी शिव्या कमी.

नवा इम्पेलर बसवताना शाफ्टवरची छोटी चावी हरवू देऊ नका, आणि पाती घड्याळाच्या दिशेने फिरवत दाबून बसवा. जुन्याची पाती तुटलेली असतील तर तुकडे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरची पाण्याची वाट मिठाने बुजलेली असते. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारी झडप) असेल तर काढून कोमट गोड्या पाण्याने धुवा.

तसंच गिअर ऑइल काढून बघा. दुधासारखं पांढरं आलं तर पाणी शिरलंय. पंखा (प्रोपेलर) काढून शाफ्टभोवती तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, गुंडाळली गेलीय का बघा, तीच बहुतेकदा सील कापते. सील बदला, आणि नवं ऑइल खालच्या भोकातून घालत वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. वरून ओतलंत तर हवा अडकते.

सुरू करायचं ते अंगणात, पिंपात. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पूर्ण बुडेल एवढं गोडं पाणी हवं. "अर्धा मिनिट कोरडंच बघतो" हे नको, तेवढ्यात नवा इम्पेलर जळतो. पहिल्या पाच लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल घाला, नंतर मॅन्युअल सांगेल ते. बहुतेक ठिकाणी ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीची खूण) लिहिलेलं असू दे. मोटारसायकलचं टू-टी (टू-स्ट्रोक ऑइल) स्वस्त पडतं, पण ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं.

पहिल्यांदा धूर भरपूर येईल, भोकात सोडलेलं ऑइल जळत असतं, घाबरू नका. नजर मागच्या पाण्याच्या धारेवर ठेवा. धार जोरात हवी आणि बोटाला फार तर कोमट लागली पाहिजे. वाफ दिसली किंवा धार तुटली तर लगेच बंद करा. दहा मिनिटं नीट चाललं की थंड होऊ द्या आणि कम्प्रेशन पुन्हा मोजा. रिंगा मोकळ्या झाल्या की आकडा बऱ्याचदा वर चढलेला असतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मात्र किनाऱ्यालगतच मारा, आणि वल्ही होडीत असू द्या.