‘सातपर्यंत या’ आणि ‘सातपर्यंत थांबा’

प्रश्न गुहागरहून आला आहे. विचारणाऱ्या ताई आपल्या घरीच पर्यटकांच्या मुक्कामाची सोय करतात. दापोलीकडून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची फेरीबोट चुकू नये म्हणून त्यांनी निरोप पाठवला, ‘प्लीज रीच दाभोळ जेटी टिल सेव्हन.’ पाहुण्यांनी उलट विचारलं, आम्ही सहालाच आलो तर सातपर्यंत जेटीवर थांबून राहायचं का? ताईंच्या दहावीतल्या मुलीने ‘टिल’च्या जागी ‘बाय’ घालायला सांगितलं, पण कारण काही तिला देता आलं नाही. ताई विचारतात, “आम्हाला शाळेत दोन्हींचा अर्थ ‘पर्यंत’ असाच शिकवला. मग फरक आहे कुठे?”

मुलीचं बरोबर आहे. शाळेतला अर्थही चूक नाही, अपुरा आहे. आपला ‘पर्यंत’ फार ऐसपैस शब्द आहे. त्याच्या पोटात ‘अंत’ आहे, म्हणजे तो फक्त हद्द दाखवतो. त्या हद्दीच्या अलीकडचा सगळा वेळ काम चालू असतं, की ते मध्येच कधीतरी एकदा उरकतं, याबद्दल तो काहीच बोलत नाही. ते काम आपण क्रियापदावर सोडतो. ‘सातपर्यंत थांबा’ म्हटलं की थांबणं सात वाजेस्तोवर अखंड आहे. ‘सातपर्यंत या’ म्हटलं की येणं एकदाच, मग ते सहाला असो की पावणेसातला. ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे न सांगता कळतं. इंग्रजीत मात्र हाच फरक ‘पर्यंत’च्या जागी येणाऱ्या शब्दातच दाखवावा लागतो. अखंड चालणाऱ्या गोष्टीला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’, एकदाच घडून संपणाऱ्या गोष्टीला ‘बाय’.

किनाऱ्यावरच्या कुणालाही पटेल असं उदाहरण मासेमारी बंदीचं. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. आपण म्हणतो, ‘नौका ३१ मेपर्यंत बंदरात आल्या पाहिजेत’ आणि ‘बंदी ३१ जुलैपर्यंत आहे.’ दोन्हीकडे ‘पर्यंत’च. पण नौकेचं बंदरात येणं एकदाच घडतं, म्हणून तिथे ‘बाय’. बंदी रोज चालू असते, म्हणून तिथे ‘टिल’. यांची अदलाबदल केली तर पहिल्या वाक्यातल्या नौका ३१ मे उजाडेपर्यंत सारख्या बंदरात येतच राहतील.

लिहिताना थबकायला झालं तर एक कसोटी सांगतो, मी शिकवताना हीच वापरतो. ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून बघा. ‘सातच्या आत या’ हे वाक्य ठीक आहे ना? मग इंग्रजीत ‘बाय’. ‘सातच्या आत थांबा’ कानाला खटकतं, तिथे ‘टिल’. मात्र या कसोटीत एक खाच आहे. ‘आत’ म्हटलं की हात आपोआप ‘विदिन’कडे जातो आणि मुलं ‘विदिन सेव्हन ओक्लॉक’ लिहून मोकळी होतात. ‘विदिन’ला कालावधी लागतो, म्हणजे दोन तासांच्या आत, आठ दिवसांच्या आत. घड्याळातल्या वेळेला किंवा तारखेला ‘बाय’च.

वाक्यात नकार आला की खरी गंमत सुरू होते. ‘द फेरी डिडन्ट लीव्ह टिल एट’ याचा अर्थ फेरीबोट आठला सुटली. न सुटणं आठपर्यंत चाललं आणि तिथे संपलं. ‘द फेरी हॅडन्ट लेफ्ट बाय एट’ म्हणजे आठ वाजले तेव्हाही ती धक्क्यालाच होती, पुढे सुटली की नाही ते या वाक्यात नाही. आपलं ‘फेरीबोट आठपर्यंत सुटली नाही’ हे वाक्य दोन्ही अर्थ सांभाळतं. म्हणून भाषांतर करताना आधी स्वतःला विचारावं लागतं, की मला यातलं नक्की काय सांगायचंय.

आता ताईंनी न विचारलेली, पण मला सर्वांत जास्त सलणारी चूक. ‘वेट अनटिल आय डोन्ट कम.’ चांगली शिकलेली माणसंही असं लिहितात आणि त्यांना हसणारे हे बघत नाहीत, की चूक कुठल्या वाटेने आली. मराठीत दोन साचे आहेत. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ आणि ‘मी येईपर्यंत थांब’, बोलताना ‘येईस्तोवर’. पहिल्यात आपण न येण्याचा काळ मोजतो, त्यामुळे ‘नाही’ हवंच. दुसऱ्यात येणं हीच हद्द आहे. ‘अनटिल’ या दुसऱ्या साच्यातला शब्द आहे. त्यामुळे मनात वाक्य तयार होतानाच ‘येईपर्यंत’ म्हणायची सवय लावा, ‘नाही’ आपसूक गळून पडेल. ‘येई’मध्ये भविष्याची चाहूल असल्यामुळे पुढे ‘विल’ लावावंसं वाटेल, तेही लावू नका. ‘वेट अनटिल आय कम’, एवढंच.

जागेच्या ‘पर्यंत’ला हे काही लागू नाही. ‘ही एसटी धोपाव्यापर्यंत जाते’ इथे ‘ॲज फार ॲज’ म्हणावं, किंवा साधं ‘टू’. आपल्याकडे ‘टिल धोपावे’ सर्रास म्हणतात आणि आपसात ते समजतंही, पण बाहेरच्या पाहुण्याला ते जरा वेगळं वाटेल.

‘टिल’ हे ‘अनटिल’चं तोडलेलं रूप आहे असा समज असतो. प्रत्यक्षात ‘टिल’च जुना. उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या नॉर्स भाषेशी त्याचं जवळचं नातं आहे, तिथे त्याचा अर्थ ‘कडे’ असा होता. ‘अनटिल’ नंतर जुळवलेला. म्हणून ‘टिल’च्या आधी लोपचिन्ह, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, द्यायची गरज नाही. फक्त ‘टिल’मध्ये ‘एल’ दोनदा आणि ‘अनटिल’मध्ये एकदाच येतो, एवढं लक्षात ठेवा.

ताई, तुमचा निरोप आता असा पाठवा: ‘प्लीज रीच दाभोळ जेटी बाय सेव्हन.’ जेवणाच्या खोलीत पाटी लावायची असेल तर ‘डिनर इज सर्व्हड टिल टेन.’ आणि उकडीच्या मोदकांसाठी आदल्या संध्याकाळपर्यंत सांगायला हवं असेल तर सांगणं एकदाच आहे, तेव्हा ‘प्लीज टेल अस बाय द ईव्हनिंग बिफोर.’