शेजारच्या आजींना अजून इंग्रजी का येत नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून मिनेसोटात, सेंट पॉलला आलो. शेजारी ह्मोंग कुटुंब आहे, मूळचं लाओसचं. माणसं भली आहेत. आजी कुंपणावरून कारली देतात, पण चाळीस वर्षं इथे राहूनही त्यांना इंग्रजीचं एक वाक्य धड बोलता येत नाही. सगळे नातेवाईक आसपासच्या चार गल्ल्यांत. ही मंडळी इथे रुळलीच नाहीत का? नातू म्हणतो, आमचे आजोबा अमेरिकेसाठी लढले. हे खरं? गेल्या हिवाळ्यात ते आजोबा वारले. अंत्यविधी चार दिवस चालला. आम्ही अर्धा तास जाऊन आलो. ढोल वाजत होता, कुणी तरी गात होतं, काही कळलं नाही. — एक वाचक, सेंट पॉल

उत्तर : ती रुळली नाहीत असं मला मुळीच वाटत नाही. एकमेकांजवळ राहिली म्हणूनच ती इथे तगली. मी याच शहरात बरीच वर्षं प्रौढांच्या इंग्रजी वर्गाला शिकवलं, त्यातून बनलेलं हे मत आहे.

आधी नातवाचं. तो खरं बोलतोय. व्हिएतनाम युद्धाच्या काळात शेजारचा लाओस कागदोपत्री तटस्थ देश होता, त्यामुळे अमेरिकेला तिथे कम्युनिस्टांविरुद्ध उघड फौज उतरवता येत नव्हती. म्हणून 1961 पासून सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने डोंगरातल्या ह्मोंग पुरुषांच्या हाती बंदुका दिल्या, पुढेपुढे तर कोवळ्या पोरांच्याही. वांग पाओ त्यांचे सेनापती, लाँग चेंग हा त्यांचा तळ. पाडल्या गेलेल्या विमानांतले अमेरिकी वैमानिक सोडवून आणणं हे त्यांचं एक काम. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, आणि अमेरिकेतल्या सामान्य माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. मे 1975 मध्ये, कम्युनिस्टांची सरशी झाली तेव्हा, वांग पाओ, त्यांचे अधिकारी आणि काही कुटुंबं विमानाने बाहेर पडली. बाकीचे जंगलातून चालत निघाले. सरहद्दीवरची मेकाँग नदी ओलांडायची ती रात्री, बांबूच्या मोळीवर नाहीतर हवा भरलेल्या ट्यूबवर. पलीकडे थायलंडात बान विनाईची छावणी. काहींची त्या छावणीत दहा-दहा वर्षं गेली. आपण पदवी आणि नोकरीचं पत्र घेऊन येतो, आणि नाही जमलं तर परतीचं तिकीट काढू शकतो. त्यांना परत जायला जागा उरली नव्हती.

आता चार गल्ल्यांचं. सुरुवातीला सरकारी धोरण नेमकं उलटं होतं. एकाच शहरावर भार नको आणि माणसं लवकर मिसळतील, अशा हिशेबाने निर्वासितांना देशभर विखरून बसवलं. एखादं चर्च एका कुटुंबाची जबाबदारी घ्यायचं. चर्चची माणसं मनापासून करायची, कोट द्यायची, घर लावून द्यायची. पण ह्मोंग समाज उभा असतो तो कुळांवर. अठरा कुळं मानतात. वांग, शाँग, यांग ही त्यांतलीच. एका कुळात लग्न होत नाही, आपल्या सगोत्रासारखं. आजारपण, लग्न, मयत, भांडणाचा निवाडा, सगळं कुळातल्या वडीलधाऱ्यांच्या विचाराने. अनोळखी गावात एकटं पडलेलं कुटुंब यातलं काहीच करू शकत नव्हतं. मग त्यांनी सामान गाडीत भरलं आणि आपल्या माणसांकडे गेले, कुणी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला, कुणी इथे सेंट पॉलला. सरकारने विखुरलेलं या लोकांनी स्वतः गोळा केलं. नोकरीची ओळख, उधारीवर जुनी गाडी, बाळंतिणीकडे बघायला कुणी, हे सगळं नातेवाइकांतून झालं. कुठल्याही योजनेला ते जमलं नसतं, असं मी ठामपणे म्हणते.

आजींच्या इंग्रजीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला वर्गातल्या एक बाई आठवल्या. वय साठीच्या पुढे. पेन्सिल कुठे धरायची हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शाळा कधी पाहिलेली नाही. त्यांच्या भाषेला आज सर्वात जास्त चालणारी रोमन लिपी मिळाली तीच 1950 च्या दशकात, मिशनऱ्यांकडून, आणि ती त्यांच्या डोंगरापर्यंत पोचली नव्हती. फॉर्मवर जन्मतारीख 1 जानेवारी. वर्गात कितीतरी जणींची तीच, छावणीतल्या कारकुनाने घातलेली. याच बाईंनी एकदा पिशवीतून भरतकामाचं कापड काढून टेबलावर पसरलं. निळ्या कापडावर वळणावळणाची नदी, तिच्यात बांबू धरून पोहणारी माणसं, काठावर बंदूकवाले, एका बाईच्या पाठीला बांधलेलं मूल. मुलाच्या टोपीवरचे गोंडेसुद्धा वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्याने भरलेले. मी कापड उलटून पाहिलं तर मागचे टाकेही तितकेच स्वच्छ. अशा बाईला अडाणी कोण म्हणेल?

नागरिकत्वाची परीक्षा मात्र इंग्रजीत. लढलेले म्हातारे तिथेच अडकायचे. सेंट पॉलचे खासदार ब्रूस व्हेंटो यांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली, तेव्हा कुठे 2000 मध्ये ह्मोंग माजी सैनिकांना आणि त्यांच्या बायकांना इंग्रजीची अट माफ करणारा कायदा झाला. पंचवीस वर्षं उशिरा.

खरी किंमत मोजली ती मुलांनी. दहा वर्षांची मुलगी आईबरोबर डॉक्टरकडे जाऊन तिच्या गर्भाशयाचा आजार आईला समजावून सांगते, हे मी शेजारी बसून पाहिलंय. घरात बापाचा शब्द चालायचा, आणि बाहेर त्याच बापाला विजेचं बिल मुलाकडून वाचून घ्यावं लागायचं. यातून घरोघरी जी ओढाताण झाली तिला तोड नाही. तरी त्याच पिढीतल्या ‘मी मुआ’ नावाच्या बाई 2002 मध्ये मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून आल्या. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकलेली सुनी ली सेंट पॉलचीच. आणि शनिवारी शेतकरी बाजारात आपण मराठी बायका कारली, गवती चहा, हिरव्या मिरच्या ज्यांच्याकडून घेतो, ते बहुतेक ह्मोंग शेतकरीच.

अंत्यविधीत तुम्ही जे ऐकलंत ते आत्म्याला वाट दाखवणारं गाणं असणार. गाणारा मृताला एकेक पाऊल मागे नेतो. ज्या ज्या गावी तो राहिला त्या प्रत्येक गावाचं नाव घेतो, तिथल्या भूमीचे आभार मानतो : सेंट पॉल, आधीचं शहर, छावणी, नदी, लाओसमधली गावं, शेवटी जन्माचं घर. तिथे जमिनीत त्याच्या जन्माच्या वेळी पडलेली वार पुरलेली असते. ती अंगरख्यासारखी अंगावर घेऊनच पुढे पूर्वजांकडे जायचं. पुढे बांबूच्या नळ्यांचं वाद्य वाजतं, त्याला केंग म्हणतात. त्याच्या सुरांतही शब्द असतात, जाणकारांना ते कळतात. आयुष्यभर हाकलल्या गेलेल्या माणसाचा सगळा प्रवास त्यात येतो, म्हणून वेळ लागतो. ख्रिस्ती झालेल्या घरांत हे होत नाही; तुमचे शेजारी जुना धर्म पाळणारे दिसतात.

मग साधारण वर्षभराने आत्म्याला मोकळं करण्याचा विधी असतो. त्याचं बोलावणं येईल. पाकिटात पैसे घालून न्या, खर्चाला हातभार लावण्याची तिथे रीत आहे, आणि कुणी संकोच करत नाही. जेवायला बसवलं तर बसा. नातवाला शेजारी बसवून घ्या आणि जे कळत नाही ते त्याला विचारा. त्यालाही सगळं येत असेल असं नाही, मग तो आजीला विचारेल.