गाडीत कॉम्प्रेसर बसवताना : वायर, उष्णता आणि काळ्या मातीची धूळ

खडकाळ किंवा वाळूच्या वाटेवर नेल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये कायमस्वरूपी हवेचा कॉम्प्रेसर बसवण्याविषयी गेल्या काही आठवड्यांत मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून बरेच प्रश्न आले. त्यांपैकी सर्वांच्या उपयोगाचे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. बहुतेकांनी कोणता कॉम्प्रेसर घ्यावा हे विचारले आहे. वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येणारे कॉम्प्रेसर मात्र क्वचितच मुळात वाईट असतात. त्यांना पुरेशी वीज, बेताची उष्णता आणि स्वच्छ हवा मिळालेली नसते. म्हणून उत्तरांचा भर त्याच तीन गोष्टींवर आहे.

प्रश्न (पाटोदा, जि. बीड) : माझ्याकडे थार आहे. बालाघाटाच्या डोंगरात जाताना मी टायरची हवा 18 पौंडांपर्यंत कमी करतो. परतताना लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या लहान पंपाने हवा भरायला फार वेळ जातो. कायमचा कॉम्प्रेसर बसवावा का, आणि त्यासोबत टाकी घ्यावीच लागते का?

आधी हिशेब करू. 255/65 आर 18 या मापाच्या टायरच्या पोकळीत साधारण 70 लिटर जागा असते. दाब 18 वरून 32 पीएसआयपर्यंत, म्हणजे तुम्ही म्हणता त्या भाषेत 14 पौंडांनी, वाढवायचा तर बाहेरची जवळपास तेवढीच, म्हणजे 65 ते 70 लिटर हवा प्रत्येक टायरमध्ये कोंबावी लागते. चार टायरांची मिळून ती 270 लिटरच्या आसपास जाते. लायटरच्या सॉकेटला बहुधा 10 ते 15 अँपिअरचा फ्यूज असतो आणि तेवढ्या विजेवर मिनिटाला 15-20 लिटरपेक्षा जास्त हवेची अपेक्षा धरता येत नाही. तुमचा वेळ तिथेच जातो. थेट बॅटरीवर चालणारा, टायरच्या दाबाविरुद्ध मिनिटाला 40 लिटर हवा देणारा कॉम्प्रेसर हेच काम सात मिनिटांच्या आत करील. खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा शून्य दाबाचा असतो. तुम्ही 30 पीएसआयला किती लिटर मिळतात ते विचारा.

टाकीबद्दल मात्र पुष्कळांचा गैरसमज आहे. 10 लिटरची टाकी 100 पीएसआयपर्यंत भरली आणि तिचा दाब 32 पर्यंत उतरेतो वापरली, तर तिच्यातून सुमारे 46 लिटर हवा मिळते. म्हणजे तुमचा एक टायरही पुरा होत नाही. टायर भरण्याचे खरे काम शेवटी कॉम्प्रेसरच करतो. टाकीचा उपयोग एकदम जोराचा झोत हवा असतो तेव्हा होतो: रिमवरून सुटलेली टायरची कड पुन्हा बसवताना, रेडिएटरच्या जाळीतला कचरा उडवताना किंवा हवेचा पान्हा काही सेकंद चालवताना. यांपैकी कशाचीच गरज नसेल तर टाकीचे वजन आणि जागा वाचवा. घ्यायचीच असेल तर ठरावीक दाबासाठी बनवलेली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलीच घ्या. जुना गॅस सिलिंडर, आग विझवणीचे रिकामे नळकांडे किंवा पीव्हीसी पाइप यांची टाकी करू नका. पीव्हीसी दाबाखाली फुटतो तेव्हा त्याच्या टोकदार चिपा उडतात.

प्रश्न (जालना) : कॉम्प्रेसर मागे डिकीत बसवला आहे. त्याच्या पट्टीवर 30 अँपिअर लिहिले आहे. मिस्त्रींनी 4 चौरस मिलिमीटरची वायर टाकली. कॉम्प्रेसर दमल्यासारखा चालतो आणि 30 चा फ्यूज वारंवार उडतो, म्हणून आता 60 चा टाकला आहे. हे चालेल का?

हे उत्तर वाचून होताच तो 60 चा फ्यूज काढून ठेवा. फ्यूज मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर जेवढा प्रवाह सुखाने वाहू शकते त्याहून मोठा फ्यूज टाकला की कुठे शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. ती वायर तुमच्या सीटखालच्या गालिच्यातून गेलेली आहे.

आता कॉम्प्रेसर दमतो का ते पाहू. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर आणि परतीची पाच मीटर धरून दहा मीटर तांब्याची वायर झाली. 4 चौरस मिलिमीटरच्या अशा वायरीतून 30 अँपिअर वाहिले की वाटेतच सुमारे 1.3 व्होल्ट खर्च होतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट असले तरी मोटरच्या टोकाशी साडेबाराच पोहोचतात. कपलिंग सैल असेल किंवा थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, नीट दाबलेला नसेल तर त्याहूनही कमी. मोटर त्या प्रमाणात हळू फिरते, हवा कमी देते, आणि सुरू होताना वेग पकडायला तिला जास्त वेळ लागतो. मोटर सुरू होतानाचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट असतो. तो जितका वेळ रेंगाळतो तितका फ्यूज तापतो. शिवाय सतत 30 अँपिअर घेणाऱ्या यंत्राला नेमका 30 चाच फ्यूज कधी पुरत नाही.

यावर उपाय असा. 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाका. तिच्यात एवढ्याच अंतरावर व्होल्टची घट 0.33 राहते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत 40 अँपिअरचा फ्यूज बसवा. परतीची वायर चेसिसच्या रंगावर टेकवू नका. एक तर ती थेट बॅटरीपर्यंत न्या, नाहीतर रंग खरवडून, उघडे लोखंड दिसू लागल्यावर तिथे घट्ट बोल्ट करा आणि वरून ग्रीस लावा. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून मुख्य प्रवाह नेऊ नका. तो रिलेमधून, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, न्या. डॅशबोर्डचा स्विच आणि प्रेशर स्विच (दाब उतरला की कॉम्प्रेसर आपोआप चालू करणारा) या दोघांनी फक्त रिलेची कॉइल, म्हणजे 85 आणि 86 क्रमांकाच्या पिना, चालवाव्यात. मोटरचा प्रवाह 30 आणि 87 क्रमांकाच्या पिनांमधून जावा. कॉइलला इग्निशन चालू असतानाच वीज मिळेल अशी जोडणी केली की रात्री कुठे हवा गळाली तरी कॉम्प्रेसर आपोआप सुरू होऊन बॅटरी उतरवणार नाही.

एक तपासणी तुम्ही स्वतः करा. कॉम्प्रेसर चालू असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग मोटरच्या टोकांवर व्होल्ट मोजा. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर प्रत्येक जोडाला हात लावून पाहा. जो जोड तापला असेल तोच दोषी. थिंबलजवळ लाल आवरण तपकिरी पडून कडक झालेले दिसले तर तेवढा तुकडा कापून नवा थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. पक्कडीने ठोकून बसवलेला थिंबल आज धरतो आणि वर्षभराच्या हादऱ्यांनी सैल होतो.

प्रश्न (लातूर) : बोनेटखाली बसवावा की गाडीच्या आत? आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो.

बोनेटखाली बसवायचा तर टर्बो आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला आणि शक्य तितका उंच बसवा. घाट चढून आल्यावर बोनेटखालची हवा सहज 80 अंशांच्या पुढे जाते आणि नेमके त्याच वेळी आपण गाडी थांबवून टायर भरायला लागतो. ड्यूटी सायकल 33 टक्के म्हणजे अर्ध्या तासात दहा मिनिटे चालणे. काही उत्पादक हा आकडा साधारण 22 अंशांच्या हवेत मोजतात. लातूरच्या उन्हात त्यावर पूर्ण विसंबू नका. दोन टायर भरून पाच मिनिटे थांबा, बोनेट उघडे ठेवा आणि थर्मल कट-आउट (फार तापल्यावर मोटर आपोआप बंद करणारी सोय) असलेलेच यंत्र निवडा. जागा असेल तर सीटखाली किंवा डिकीच्या कडेला बसवणे मला अधिक पसंत आहे. आवाज थोडा सहन करावा लागतो, पण यंत्र कितीतरी जास्त वर्षे टिकते. चेसिसच्या खाली मात्र बसवू नका. आपली काळी माती ओली असताना वायर आणि पाइपभोवती ढेकळासारखी बसते, सुकल्यावर दगडासारखी होते, आणि पुढच्या हादऱ्याला तीच फिटिंग उपटून काढते.

हवा आत घेणारा फिल्टर कॉम्प्रेसरवरच असावा असे नाही. पाइप लावून तो उंच, कोरड्या जागी नेता येतो. कापूस वेचणीनंतर शेतरस्त्यांवर जी पिठासारखी धूळ उडते ती सिलिंडरमध्ये गेली की पिस्टनची रिंग घासते. त्या दिवसांत दर फेरीनंतर फिल्टर उघडून पाहा.

माझ्या स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा कॉम्प्रेसर बसवला तेव्हा मी कॉम्प्रेसरच्या डोक्यापासूनच, म्हणजे दाबलेली हवा जिथून बाहेर पडते तिथूनच, निळा नायलॉन पाइप जोडला होता. मांजरसुंब्याच्या घाटानंतर तिसरा टायर भरताना तो फिटिंगजवळ मऊ होऊन निसटला, आणि उघडलेल्या बोनेटवर त्याचे टोक चाबकासारखे आपटले. समोर माझा भाचा उभा होता. सुदैवाने तो हातभर दूर होता. दाबलेली हवा डोक्यातून बाहेर पडताना पाण्याच्या उकळबिंदूपेक्षाही जास्त तापलेली असू शकते. म्हणून पहिला अर्धा मीटर तरी स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉन पाइप वापरा आणि साधा पाइप त्यानंतर जोडा. सांध्यांना टेफ्लॉन टेपपेक्षा द्रवरूप थ्रेड सीलंट बरे, कारण टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. शेवटी प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली) : जुन्या डिझेल जीपमध्ये एसीचा वापरलेला कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालवून हवा करता येईल का?

येते, आणि हवा भरपूर मिळते. पण आजच्या गाड्यांतल्या एसी कॉम्प्रेसरला स्वतःच्या तेलाची वेगळी कुंडी नसते. त्याचे वंगण एसीच्या गॅसबरोबर फिरत असते. त्यातून नुसती हवा खेचली की तो कोरडा चालून जाम होतो. तेल थेंबाथेंबाने सोडणारे ऑइलर आणि पुढे तेल वेगळे करणारा सेपरेटर दोन्ही लावावे लागतात, नाहीतर तेल टायरच्या रबरापर्यंत पोहोचते. जुन्या यॉर्क बनावटीच्या पिस्टन कॉम्प्रेसरला स्वतःची तेलकुंडी असे, म्हणून परदेशातल्या जीपवाल्यांनी तो एके काळी फार वापरला. तो चांगल्या स्थितीत मिळणार नसेल तर तुमच्यासाठी 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरच सोपा आणि विश्वासाचा आहे.

प्रश्न (माजलगाव, जि. बीड) : याच कॉम्प्रेसरने ऊसतोडीच्या ट्रॉलीचे टायर भरता येतील का? आणि पावसाळ्यात टाकीतून गढूळ पाणी निघते, ते कशामुळे?

ट्रॉलीच्या टायरला जीपच्या टायरपेक्षा खूप जास्त दाब लागतो आणि त्या दाबाला कॉम्प्रेसरची हवा निम्म्यावर येते. अडचणीच्या वेळी एक टायर गाडी हलवण्यापुरता भरून घ्या, पण रोजच्या कामासाठी कारखान्याच्या तळावरचा मोठा कॉम्प्रेसरच वापरा.

पाणी येणे हा दोष नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये वीसेक ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा दाबून आठव्या हिश्श्याएवढी केली आणि थंड झाली की त्यातले 15 ग्रॅमहून जास्त पाणी टाकीत साचते. पाणी गढूळ येते याचा अर्थ आतून गंज सुरू झाला आहे. टाकीच्या तळाशी ड्रेन कॉक असावा आणि हवेच्या ब्रेकचे ट्रकचालक रोज आपली टाकी रिकामी करतात तसा तो प्रत्येक वापरानंतर उघडावा. कॉक वरच्या बाजूला आला असेल तर टाकी फिरवून बसवा. गंजाचे पापुद्रे निघू लागले असतील तर डागडुजी किंवा वेल्डिंग न करता टाकी बदला.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : गाडीची वॉरंटी आणि कायदा यांचे काय?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. कॉम्प्रेसरसाठी चेसिस कापू नका, तिला वेल्डिंग करू नका. असलेल्या बोल्टांच्या आधाराने ब्रॅकेट बसवा. कंपनीच्या वायरिंगला चीर देऊन वीज घेतली तर वॉरंटी नाकारायला कारण मिळते, म्हणून वेगळी वायर थेट बॅटरीवरून आणा. विमा कंपनीला वीज लागणारी ही जादा वस्तू लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या.

प्रश्न (गंगाखेड, जि. परभणी) : गोदावरीच्या वाळूतून परतल्यावर दुपारी चारही टायर 32 वर भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज 28 दाखवते. पाइप गळतो आहे का?

चारही टायरांत सारखीच घट असेल तर गळती नाही. टायरमधली हवा दर 10 अंशांनी थंड झाली की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. दुपारच्या उन्हात आणि वाळूत चालून तुमचे टायर 50 अंशांच्या वर गेले असतील, पहाटे ते 24-25 वर आले. हिशेब बरोबर जुळतो. दुपारी रस्त्याला लागण्यापुरते 35 पर्यंत भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरांत 32 करून घ्या. एकाच टायरमध्ये जास्त घट दिसली तर त्याच्या व्हॉल्व्हच्या पिनेवर थुंकी लावून पाहा. वाळूचा एक कण तिथे अडकला तरी रात्रभरात दोन-तीन पौंड हवा जाते.