दौऱ्यावरून आलेला मुलगा दुपारी अडीचला उठतो

"म्याडम, पोरगं येऊन नऊ दिवस झाले. दुपारी अडीचला उठतंय, जेवतंय, परत खोलीत. तांबडा-पांढरा केला तर चार घास खाल्लं नि उठलं. मी किती विचारतो, नुसतं 'हं' म्हणतंय. डिप्रेशन म्हणत्यात ते हेच का हो?"

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या काकू राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. पिशवीतून त्यांनी कांदा-लसूण मसाल्याची बरणी काढली आणि टेबलावर ठेवली, पोलिसांसमोर मुद्देमाल ठेवावा तशी. जाताना दिलेली बरणी सील न फोडता परत आली होती. "माझं पोरगं चटणीशिवाय जेवत नाही, म्याडम."

मुलगा चेलो वाजवतो, व्हायोलिनच्या जातीचं पण मोठं, बसून वाजवायचं वाद्य. नाव आणि घरचे तपशील मी बदलले आहेत, वाद्य बदललेलं नाही. त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगताच आली नसती. आजोबा इथल्या सिनेमांच्या संगीतात व्हायोलिन वाजवायचे, म्हणून घरात तारांचं वाद्य नवं नव्हतं. आपल्याकडे सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हटलं की मुंबईचा आठवतो, एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. २०१९ आणि २०२३ मध्ये तो ब्रिटनच्या दौऱ्यावर जाऊन आला. हा मुलगा त्यातला नव्हे. दुसऱ्या एका ऑर्केस्ट्राने त्याला दौऱ्यापुरता जादा वादक म्हणून घेतलं होतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यातले तीन आठवडे.

दौऱ्यावर गेलेल्या मुलांच्या, नवऱ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. मग तो तबलजी असो, नाटकातला असो की जहाजावरचा. "परत आला की माणसांत नसतो." मी काकूंना आधी घड्याळाचा हिशेब मांडून दाखवला. हिवाळ्यात ब्रिटन आपल्या साडेपाच तास मागे असतं. तिथे कार्यक्रम साडेसातला सुरू होतो, तेव्हा कोल्हापुरात रात्रीचा एक वाजलेला असतो. पावणेदहाला संपतो तेव्हा इथे सव्वातीन. मग वाद्य पेटीत, कोट हँगरला, बस, कुठेतरी थंडगार सँडविच, आणि झोप रात्री एकला. म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. त्यात आठ तास मिळवा.

काकूंनी बोटांवर मोजलं. "अडीच," त्या म्हणाल्या.

शरीर अजून तिथल्या हॉटेलातच होतं. पश्चिमेला जाणं त्या मानाने सोपं असतं, दिवस लांबतो. पूर्वेला परतताना शरीराचं घड्याळ पुढे सरकवावं लागतं आणि ते साधारण रोज तासाभरानेच सरकतं, तेही उजेड मिळाला तर. हा पठ्ठ्या पडदे ओढून मोबाइल बघत पडलेला. काकू त्याला पहाटे सहाला हलवून उठवत होत्या, ते बंद करायला सांगितलं. त्याच्या शरीराची ती मध्यरात्र, त्या वेळचा उजेड उलटाच परिणाम करतो. आपणहून उठला की लगेच उन्हात बाहेर काढा, रंकाळ्यावर न्या, मग रोज तासभर आधी.

एवढ्याने प्रश्न मिटला असता तर हा लेख इथेच संपला असता. मी त्याला एकदा पाठवून द्यायला सांगितलं, ते त्या बरणीमुळे.

तो आला, उंच, खांदे पाडून. बरणीचा उलगडा पहिल्या पाच मिनिटांत झाला. खोलीत दोघे, त्याच खोलीत दोघांचे काळे कोट टांगलेले. बरणी उघडली असती तर कोटांना लसणाचा वास लागून स्टेजवर पोचला असता. आम्ही दोघंही हसलो. मग मी विचारलं, दिवस कसा जायचा?

"सकाळी बॅगा लॉबीत. बस. नवं गाव. चार वाजता अंधार. चेलो ट्रकमधून थेट हॉलवर येतो, तोवर हातात काहीच नाही. मग तासाभराची तालीम, हॉलचा आवाज बघायला. मग ऑबो नावाचं फुंकवाद्य सूर देतं, सगळे लावून घेतात. तो सूर लागला की माझ्या पोटात गोळा."

रोज? रोज.

ऑर्केस्ट्रात तंतुवाद्यांचे दोघे मिळून एका स्टँडवरून नोटेशन वाचतात आणि पान उलटायचं काम आतल्या बाजूच्याचं. हा आतला. पान उलटताना वाजवणं थांबवावं लागतं, बाहेरचा वाजवत राहतो. "थांबून परत बो, म्हणजे गज, तारेवर ठेवताना हात कापायचा. जोरात वाजवायचं असेल तर खपून जातं. ड्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीचा संथ भाग होता. तारांवर आवाज दाबणारं म्यूट, अगदी हळू. तिथं कंप लपत नाही, मॅडम. लांबलचक सुरात बो टुणटुण उडते." त्याने टेबलावरची माझी पट्टी उचलली आणि उजव्या हाताने हवेत संथ ओढून दाखवली. माझ्या खोलीत, बिनतारेची, तरी पट्टीचं टोक थरथरत होतं.

चौथ्या गावी शेजारच्या रांगेतल्या एकाने त्याला गोळी दिली. कार्यक्रमाआधी एक. हात थांबला. पुढे प्रत्येक कार्यक्रमाआधी एक.

गोळी प्रोप्रॅनोलॉल होती. हृदयाची धडधड आणि हाताचा कंप ती खाली आणते, मनातली भीती तिथेच राहते. वादकांत ती नवी नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमधल्या दोन हजारांवर वादकांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे २७ टक्क्यांनी या जातीची औषधं घेत असल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तपासून दिली तर माझी काही हरकत नाही, कमीपणा तर नाहीच. पण मी त्याला विचारलं, लहानपणी दम लागायचा का? पावसाळ्यात अजूनही पंप लागतो, म्हणाला. दमेकऱ्याच्या श्वासनलिका ही गोळी आवळू शकते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि देणाऱ्याने विचारलं नव्हतं. दौऱ्यात दोनदा छाती भरल्यासारखी वाटली, ती त्याने थंडीवर ढकलली होती.

आईला दिसत होती ती झोप आणि अबोला. झोप घड्याळाची होती. अबोला या गोळीचा होता: "गोळी खाऊन वाजवलं, म्हणजे मी वाजवलंच नाही" हे घरी कसं सांगायचं? त्यात जादा वादक. दौरा संपला की पुढचं बोलावणं येईल न येईल.

पहिलं काम डॉक्टरांकडे पाठवण्याचं. गोळी बंद, छातीची तपासणी. दुसरं काम पानाचं. कंप वाजवताना नाही, थांबून सुरू करताना येतो, मग नेमकं तेच माणसांसमोर पुन्हा पुन्हा करायचं. आधी एकट्याने, मग आईसमोर, मग गल्लीतल्या चौघांसमोर. आठवड्याने काकू सांगायला आल्या की स्वयंपाकघरात खुर्ची टाकून तो वाजवतो आणि मान हलवली की त्या पान उलटतात. नोटेशनचं ओ की ठो कळत नाही. "दोनदा दोन पानं एकदम उलटली मी. थांबलं, हसलं, परत सुरू केलं की पोरानं!" माझ्या डोक्यात असा सराव आलाही नसता. पान चुकतं, तरी वाजवणं पुन्हा सुरू होतं.

कंप पूर्ण गेला का? नाही. चौथ्या-पाचव्या सुरापर्यंत असतो, मग जातो. त्याच्या मते चालण्यासारखं आहे.

ज्यांच्या घरी असं कुणी परतलंय त्यांच्यासाठी: आठवडा-दहा दिवसांची सुस्ती, चिडचिड, रिकामपण धरून चाला. रोज शंभर माणसांबरोबर टाळ्या घेणाऱ्याला घरचा मंगळवार ओकाबोका वाटणारच. दोन आठवड्यांनंतरही झोप-भूक जागेवर आली नाही, वाद्याची पेटी उघडावीशी वाटत नाही, दारू वाढली, जगण्याला कंटाळल्याचं बोलणं आलं, तर थांबू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि गोळ्यांबद्दल विचारा. सरळ विचारा, आवाज न चढवता.

पुढच्या दौऱ्याचं बोलावणं आलं. फोनवरून या घरात आधी कटकट व्हायची, कारण तो मोकळा होतो तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली. मी सुचवलं, कार्यक्रम संपला की त्याने बसमधून आवाजाचा मेसेज टाकावा, काकूंनी सकाळी चहाबरोबर ऐकावा, झोप मोडू नये. दोघांनी माना डोलावल्या. परवा कळलं, काकूंनी मोबाइलवर पहाटे सव्वातीनचा गजर लावून ठेवलाय.