मॅडम, वकील बदलू का?

अपघातातून उठलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती झोप लागत नाही, हॉर्न ऐकला तरी छातीत धडधडतं, घरात चिडचिड होते म्हणून. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, उठता उठता एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, वकील बदलू का?" मी वकील नाही हे सांगून झालं तरी येतो. इतक्या जणांकडून ऐकलाय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

सातारा जिल्ह्यातले एक दादा (ओळख पटेल असं सगळं बदललंय), वय ४३, स्वतःचा टेम्पो चालवायचे. हायवेच्या कडेला गाडी लावून मालावरची दोरी आवळत होते तेवढ्यात मागून ट्रक आला. उजव्या पायात रॉड, गुडघा अर्धाच वळतो. क्लेमची केस मोटार अपघात न्यायाधिकरणात चालू.

"वकील फोन उचलत नाही. कोर्टात गेलं की नुसती पुढची तारीख. विमा कंपनीला मिळालेला असणार."

"मिळालाय हे कशावरून?"

"मग फोन का उचलत नाही?"

शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "रात्री अकरा वाजता व्हॉट्सॅप उघडून बघत बसतात, ब्लू टिक आली का म्हणून. आली की अजूनच चिडतात, वाचलं आणि उत्तर दिलं नाही म्हणून."

मी पहिल्यापासून मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. माझा अनुभव असा की जे घडलं त्यापेक्षा त्यावर आपण मनात जी वाक्यं रचत बसतो ती जास्त छळतात. म्हणून कागदावर उभी रेघ मारून दिली, एका बाजूला 'मला माहीत आहे', दुसऱ्या बाजूला 'मला वाटतं'. वाटतंची बाजू भरून मागच्या पानावर गेली, माहीत असलेल्या दोनच ओळी: फोन उचलत नाही, तारखा पडतात. म्हटलं पुढच्या भेटीपर्यंत ही रिकामी बाजू भरून आणा, निर्णय नंतर.

आता हे सगळ्यांनाच सांगते. केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) असला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर आधीच्या तारखा, पुढची तारीख, केस कुठल्या टप्प्यावर आहे, सगळं घरबसल्या दिसतं. रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल अर्ज करून मिळते, त्यात कोण हजर होतं, मुदत कुणी मागितली ते लिहिलेलं असतं. दादांच्या भाच्याने ते काढून दिलं. बहुतेक वेळा मुदत विमा कंपनीच्या वकिलाने मागितलेली, एकदा न्यायाधीश साहेब रजेवर, आणि आपले वकील प्रत्येक तारखेला हजर. 'मिळालेला असणार' ही ओळ दादांनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने खोडली.

तरी चेहरा उतरलेलाच. मग मी विचारलं, "समजा उद्या वकिलांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. काय बोलाल?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "काय बोलणार... त्यांनी विचारावं, पाय कसाय. जो भेटतो तो विचारतो, किती मिळतील."

वहिनी हळूच म्हणाल्या, "आम्ही पण तेच विचारतो की हो."

त्या भेटीत पुढे केसबद्दल फारसं बोलणं झालंच नाही. दोन वर्षं हा माणूस टेम्पोविना घरात बसून होता, दुखतंय का हे विचारणारं कुणी नव्हतं, आणि ते विचारावं अशी अपेक्षा त्याने धरली ती नेमकी वकिलाकडून, ज्याच्याकडे अशा ढीगभर फायली. हा वकील बदलला असता तर दुसऱ्यानेही ते विचारलं नसतं, मग तिसरा शोधला असता. मला वाटतं वकील बदलू का या प्रश्नात बहुतेक वेळा दोन तक्रारी एकात एक गुंतलेल्या असतात, एक कामाची आणि एक मायेची. मायेची घरात सोडवायची, कामाची कोर्टाच्या कागदावर तपासायची.

आणि दादांची कामाची तक्रार खरी निघाली, बरं का! केस अर्जदाराच्या, म्हणजे दादांच्या, पुराव्यावर आलेली आणि डॉक्टरांना साक्षीला बोलावलेलंच नाही, नुसतं ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लावलेलं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की सर्टिफिकेटवरचा टक्का म्हणजेच कमाईतली घट असं धरायचं नाही, माणूस काय काम करायचा आणि आता करू शकतो का ते बघायचं. ब्रेक दाबता न येणारा ड्रायव्हर ४० टक्के अपंग की त्याहून कितीतरी जास्त? भरपाई काढताना वर्षाची कमाई वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, या वयाला १४ चा गुणक लागतो. महिना १५ हजार कमाई धरली तर ४० टक्क्यांनी १० लाख ८ हजार होतात, ८० टक्के धरले की थेट दुप्पट. या पायाने काय जमतं आणि काय नाही ते डॉक्टर साक्षीला उभे राहून सांगणार, कागद सांगत नाही.

दादा ऑफिसात गेले, चिठ्ठीवरचे तीनच प्रश्न शांतपणे विचारले. वकील म्हणाले सर्टिफिकेट लावलंय ना, डॉक्टर आणून दोन तारखा वाया जातील. पुढच्या तारखेला पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग त्यांनी वकील बदलला. मी बदला म्हटलं नव्हतं, नकोही म्हटलं नव्हतं. फोन उचलत नाही म्हणून बदलायला निघालेला माणूस साक्षीच्या मुद्द्यावर बदलून आला, आणि आवाज न चढवता, याचं मला आजही बरं वाटतं.

बदलताना लोक दोन गोष्टींना घाबरतात. एक, जुना वकील कागद अडवेल. फी राहिली म्हणून फाईल अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय, फीचा वाद वेगळा. जुन्या वकिलाकडून एनओसी (ना हरकत पत्र) गोडीने मागा, नाहीच दिली तर कोर्टाच्या परवानगीने नवं वकीलपत्र दाखल होतं. दुसरी भीती, आधीच टक्के ठरलेत. मिळालेल्या रकमेत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही, तेव्हा त्या धाकाने अडकून पडू नका. पैशाचीच अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिला आणि अपंगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन नंबर १५१००.

दादांनंतर एक ताई आल्या, हाच प्रश्न घेऊन. त्यांचा रोजनामा काढला तर सगळं जागच्या जागी, साक्षीसुद्धा झालेल्या. त्यांनी वकील तोच ठेवला, फक्त तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांऐवजी त्यांच्या कारकुनाला फोन करायचा असं ठरवलं. कारकून उचलतात.